दुबईंतील सोळा तास



मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आगबोटी पूर्वीं एडनच्या बंदरांत कोळसा-पाणी घेण्यासाठीं थांबत. तेवढ्या अवकाशांत उतारू किनाऱ्यावर उतरत, डोंगराच्या कुशींत बांधलेलीं जुनीं टांकीं पाहत आणि बोटीवर परततांच घरच्यांना चार पानांचें पत्र लिहीत. एडनचा तो मान आतां दुबईकडे गेला आहे. मुंबईहून विमान तेथें तीन तासांच्या आंतबाहेर पोंचतें, आणि पुढचें विमान मिळेपर्यंत कित्येकांना अर्धा दिवस, कित्येकांना एखादी रात्र त्या शहरांत काढावी लागते. जुलै महिन्यांत युरोपकडे जातांना मलाहि असे सोळा तास तेथें मिळाले.

सोळा तासांत एखादें शहर कळतें असा दावा कोणीहि करूं नये. तेथील दुकानें किती मोठीं आणि रस्ते किती रुंद हें सांगणारे पुष्कळ आहेत, आणि तें पुन्हां ऐकून आपणांस कांहीं नवें मिळणार नाहीं. परंतु भर उन्हाळ्यांत दुबईच्या भूमीवर पाय ठेवला कीं एक प्रश्न आपोआप पुढें उभा राहतो. जेथें सावलींतहि पारा ४० अंशांच्या वर चढतो, वर्षाचा पाऊस सरासरीनें चार इंचांच्या आंत, आणि नदी म्हणावी अशी एकहि नाहीं, तेथें ३५ लाखांहून अधिक माणसें राहतात तरी कशीं? त्यांना लागणारा गारवा येतो कोठून, आणि त्याचें मोल कोण देतो? आजच्या भाषणांत एवढ्याच प्रश्नाचा मागोवा घेण्याचें मीं योजिलें आहे.

प्रवाशांना विसावा देणें हा या शहराचा जुनाच व्यवसाय आहे. १९३७ सालीं इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीचीं पाण्यावर उतरणारीं विमानें दुबईच्या खाडींत उतरूं लागलीं. त्या वेळीं तेथें धावपट्टी नव्हती; खाडीचें संथ पाणी हीच धावपट्टी होती. १९६० सालीं विमानतळ झाला, आणि त्याची पहिली धावपट्टी घट्ट दाबून बसविलेल्या वाळूची होती. २०२४ सालीं त्याच विमानतळावरून ९ कोटींहून अधिक प्रवाशांनीं ये-जा केली. १९६८ च्या शिरगणतींत ज्या गांवाची वस्ती ६० हजारांच्याहि आंत भरली होती, त्या गांवाचा हा विस्तार आहे.

विमान पहाटे उतरलें. विमानतळाच्या आंत इतका गारवा होता कीं अंगावर शाल घ्यावीशी वाटावी. बाहेरचें दार सरकलें आणि माझ्या चष्म्याच्या दोन्ही कांचा क्षणांत पांढऱ्या झाल्या. आपल्याकडे चहाच्या वाफेनें चष्मा धुरकटतो. तेथें पहाटेच्या हवेनेंच तें काम केलें. वाळवंट म्हटलें कीं आपण कोरड्या उन्हाची कल्पना करतों. नागपूर-अकोल्याच्या माणसाला तसलें ऊन परिचयाचें असतें. दुबईचें ऊन त्या जातीचें नाहीं. शेजारचें आखात उथळ असल्यामुळें उन्हाळ्यांत त्याचें पाणी कोमट होऊन जातें, आणि त्याची वाफ शहरावर पसरून राहते. घाम येतो, पण वाळत नाहीं. आणि तो वाळत नाहीं म्हणून शरीर निवत नाहीं. विदर्भाचें ऊन आणि मुंबईचा दमटपणा हे दोघे एका घरांत नांदूं लागले म्हणजे जसें होईल, तसा तेथील जुलै महिना असतो. न्यायाकरितां हेंहि सांगितलें पाहिजे कीं, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तेथील हवा अत्यंत सुखद असते आणि लोक संध्याकाळीं समुद्रकांठीं मोकळेपणानें फिरतात. परंतु शहराची खरी परीक्षा उन्हाळ्यांत होते.

शहरांत जाण्यास मेट्रो ही सोयीची. ९ सप्टेंबर २००९ रोजीं ती सुरू झाली. गाडीला चालक नाहीं. स्थानकांवर फलाट आणि रूळ यांच्यामध्यें कांचेची भिंत उभारलेली असून, गाडी येऊन थांबली म्हणजेच त्या भिंतींतील दारें उघडतात. त्यामुळें आंतला गारवा आंतच राहतो. खिडकींतून दोहों बाजूंना कांचेचे मनोरे दिसत होते. खालच्या रस्त्यावर मोटारींच्या रांगाच रांगा, आणि पायीं चालणारा माणूस जवळजवळ नाहीं. बस थांबण्याच्या कित्येक जागादेखील पेटीसारख्या बंद करून थंड ठेवलेल्या. गारव्याचे असे कोंडून ठेवलेले तुकडे आणि ते एकमेकांस जोडणाऱ्या बंदिस्त वाटा, असा या शहराचा नकाशा माझ्या मनांत उमटला. ज्याच्याजवळ पैसा आणि फुरसत आहे तो सकाळपासून रात्रीपर्यंत एकदांहि उन्हांत न येतां या तुकड्यांतून त्या तुकड्यांत हिंडूं शकतो.

बुर्ज खलिफा हा मनोरा पाहिल्यावांचून सहसा कोणी परतत नाहीं. मींहि तो पाहिला. ४ जानेवारी २०१० रोजीं खुल्या झालेल्या या मनोऱ्याची उंची ८२८ मीटर आहे. आपल्या कळसूबाईचें शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच. म्हणजे कळसूबाईच्या निम्म्या उंचीची इमारत माणसानें सपाट वाळूंत उभी केली असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु त्या उंचीपेक्षां तिच्यामागील दोन गोष्टी मला अधिक उद्बोधक वाटल्या. पहिली अशी कीं, उन्हाळ्यांत तेथें काँक्रीट दिवसा ओततां येत नसे. उष्णतेनें तें फार लवकर आणि असमान आळून त्याला भेगा पडण्याची भीति होती. म्हणून मिश्रणांत बर्फ घालून रात्रींच्या वेळीं तें ओतण्यांत आलें. दुसरी गोष्ट तेथील पाण्याची. दमट हवा थंड केली म्हणजे तिच्यांतील पाणी सुटतें. गार पाण्याच्या तांब्याबाहेर थेंब जमतात तसेंच हें. या मनोऱ्यांतील हवा थंड करतांना सुटलेलें पाणी गोळा करून भोंवतालच्या झाडांना घालतात, आणि तें वर्षाला सुमारें दीड कोटी गॅलन भरतें असा हिशेब आहे.

याच मनोऱ्यासंबंधानें एक गमतीचा प्रश्न उत्पन्न झाला होता. रमजानचा रोजा सूर्यास्तास सोडावयाचा. पण खालच्या माणसाला सूर्य मावळलेला दिसला तरी वरच्या मजल्यांवर तो दिसतच असतो. २०११ सालीं तेथील धर्मशास्त्र्यांनीं निर्णय दिला कीं, ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनीं दोन मिनिटें आणि दीडशेव्याच्या वर राहणाऱ्यांनीं तीन मिनिटें थांबावें. उन्हापासून पळण्यासाठीं एवढा खटाटोप करणाऱ्या शहरानें, सूर्य अधिक वेळ दिसेल अशी जागाहि आपणच निर्माण केली!

मनोऱ्याच्या पायथ्याशीं हिरवळ आहे, फुलझाडें आहेत. शहराला लागणारें एवढें पाणी येतें कोठून? १९६० पूर्वीं दुबईंत विहिरींचें पाणी डब्यांत भरून, गाढवांच्या पाठीवर लादून, दारोदार विकलें जात असे. आज शहर समुद्र पितें. नैर्ऋत्येस जेबेल अली येथें त्याचे प्रचंड कारखाने आहेत. खारें पाणी तापवून त्याची वाफ करावयाची आणि ती वाफ थिजवून गोडें पाणी मिळवावयाचें ही जुनी रीत. वीज निर्माण करतांना उरणारी उष्णता या कामीं लावतात. अतिशय सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून दाबानें पाणी गाळण्याची, कमी इंधन लागणारी रीतहि आतां वाढत आहे. कोणत्याहि रीतीनें केलें तरी मागें उरणारें अधिक खारट पाणी पुन्हां आखातांतच सोडावें लागतें. तेथें नळ सोडणें म्हणजे कोठेंतरी इंधन जाळणें होय. आणि निसर्गानें न मागतां पाणी दिलें तर शहर गोंधळून जातें. १६ एप्रिल २०२४ रोजीं त्या देशांत जो पाऊस झाला तो १९४९ पासूनच्या नोंदींत सर्वांत मोठा ठरला. त्या दिवशीं विमानतळावर पाणी सांचलें, रस्त्यांना ओढ्यांचें रूप आलें, आणि हजारों प्रवाशांचा थोडक्या वेळाचा विसावा कित्येक दिवसांचा झाला.

दुपारीं साडेबाराच्या सुमारास मी एका नव्या इमारतीच्या बांधकामावरून चाललों होतों. तेथील ठोकाठोकीचा आवाज एकाएकीं बंद पडला. कुंपणाच्या फटींतून पाहिलें तों, अर्धवट झालेल्या मजल्याच्या सावलींत माणसें ओळीनें आडवीं होत होतीं. कोणी डोक्याखालीं हात घेतला होता, कोणी पागोट्यासारखें गुंडाळलेलें फडकें सोडून तोंडावर ओढलें होतें. हिंदी, बंगाली आणि मला न समजणाऱ्या आणखी दोन-तीन भाषांतील शब्द कानीं आले. त्या देशांत २००५ पासून असा नियम आहे कीं उन्हाळ्याच्या दिवसांत भर दुपारीं उघड्यावर काम करवूं नये. सध्यां ही मुदत १५ जून ते १५ सप्टेंबर आणि वेळ साडेबारा ते तीन अशी असते, आणि नियम मोडणाऱ्या मालकास दंड होतो. नियम चांगला आहे यांत शंका नाहीं; आपल्याकडे अनेक ठिकाणीं एवढेंहि नाहीं. परंतु तीन वाजतां ऊन संपत नाहीं, आणि साडेबारापूर्वीं तें थांबून राहिलेलें नसतें. सकाळपासून ज्या ज्या थंड जागांतून मी आलों होतों, त्या सर्व अशाच माणसांनीं उन्हांत उभ्या राहून बांधल्या होत्या. या शहरांतील दहांपैकीं जवळजवळ नऊ माणसें परदेशांतून आलेलीं आहेत, आणि त्यांत आपल्या देशबांधवांचा भरणा सर्वांत मोठा आहे.

उन्हें कलूं लागल्यावर मी खाडीकांठच्या जुन्या वस्तींत गेलों. तिचें आजचें नांव अल् फहीदी. पूर्वीं तिला बस्तकिया म्हणत. इराणांतील बस्तक गांवाच्या बाजूनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं आलेल्या व्यापाऱ्यांनीं ती वसविली. तिकडे जकात वाढत होती आणि इकडे दुबईच्या शेखांनीं परदेशी व्यापाऱ्यांना कर माफ केला होता. व्यापार पाण्यासारखाच उताराकडे वाहतो. हीं घरें पोंवळ्याच्या दगडाचीं, वर जिप्समचा गिलावा, आणि छताला खजुरीचे सोट. पोंवळ्याचा दगड सच्छिद्र असल्यामुळें बाहेरची उष्णता आंत लवकर शिरत नाहीं. गल्ल्या इतक्या अरुंद कीं एका घराची सावली समोरच्या घराला मिळते. आणि बहुतेक मोठ्या घरांवर एक चौकोनी मनोरा. त्याला तेथें बारजील म्हणतात.

या बारजीलची रचना समजून घेण्यासारखी आहे. तो वरच्या बाजूस चारी अंगांनीं उघडा असतो, आणि त्याच्या पोटांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलेल्या, एकमेकींस छेदणाऱ्या दोन भिंती असतात. त्यामुळें चार कप्पे पडतात. वारा कोणत्याहि दिशेचा असला तरी तो एका कप्प्यांत अडकून खालच्या खोलींत उतरतो, आणि खोलींतील तापलेली हवा दुसऱ्या कप्प्यांतून वर निघून जाते. मी एका बारजीलखालीं उभा राहिलों. वरून आलेली हवा थंड नव्हती, पण हलती होती; आणि घामेजलेल्या अंगाला हलती हवाच गारवा देते. १९८० नंतरच्या दशकांत या वस्तीचा बराच भाग पाडण्यांत आला. उरलेला भाग राखावा म्हणून कांहीं मंडळींनीं खटपट केली, आणि १९८९ सालीं इंग्लंडचे तेव्हांचे युवराज चार्ल्स यांनीं तेथें भेट दिली तेव्हां तिला बळ मिळालें.

अशा ठिकाणीं जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मोह अनावर होतो. वीज नाहीं, इंधन नाहीं, आणि तरीहि गारवा! परंतु हीं घरें धनिक व्यापाऱ्यांचीं होतीं. गरिबांची वस्ती खजुरीच्या झापांच्या झोंपड्यांत असे; आणि ज्यांच्या कष्टांवर या घरांची श्रीमंती उभी होती, ते लोक उन्हाळ्यांत घरीं नसतच. ते समुद्रावर असत.

आखातांतील मोती काढण्याचा मोठा हंगाम जून ते सप्टेंबर हाच होता. पाणी कोमट असतें तेव्हांच माणसाला दिवसभर बुड्या मारतां येतात. पाणबुड्याच्या नाकाला चिमटा, पायाला वजनी दगड, गळ्यांत शिंपले ठेवण्याची जाळी, आणि सोबतीला दोर. त्या दोराचें दुसरें टोंक वर नावेंत बसलेल्या सोबत्याच्या हातीं. एका श्वासांत जेवढे शिंपले सांपडतील तेवढे घेऊन वर यावयाचें, आणि पुन्हां खालीं जावयाचें. हंगामापूर्वीं घरखर्चासाठीं नाखव्याकडून उचल घ्यावयाची. हंगामाच्या शेवटीं हिशेब व्हावयाचा. आणि बहुधा कर्ज शिल्लक राहून तें पुढच्या वर्षावर जावयाचें. बाप गेला तर पुष्कळदां तें मुलाच्या माथीं येई. हे मोती मुंबईच्या बाजारांत येत आणि तेथून जगभर जात. आपल्या आज्या-पणज्यांच्या नथींतील मोती बसऱ्याचे म्हणून नांवाजले जात. ते याच आखातांतले. पुढें जपानांत कोकिची मिकिमोतो यांनीं मोती शेतींतल्यासारखे वाढविण्याची विद्या साध्य केली, आणि १९२९ नंतर जगभर मंदी आली. या दोन तडाख्यांनीं आखातांतील मोत्यांचा धंदा बुडाला.

मुंबईशीं असलेलें नातें मोत्यांपुरतें नव्हतें. १९०९ सालीं दुबईंत टपालकचेरी उघडली ती हिंदुस्थानच्या टपालखात्याची. बाजारांत चलन रुपयाचें. १९५९ सालीं आपल्या रिझर्व्ह बँकेनें आखाती मुलखासाठीं निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या, आणि १९६६ सालीं रुपयाचें अवमूल्यन झालें तेव्हां हा संबंध तुटला. त्याच वर्षीं दुबईच्या समुद्रांत तेल सांपडलें. पण शेख रशीद यांनीं त्यापूर्वींच कर्ज काढून, गाळानें भरत चाललेली खाडी खोल करविली होती, म्हणून व्यापाराचीं जहाजें तेथें आलीं. २ डिसेंबर १९७१ रोजीं संयुक्त अरब अमिराती हें राष्ट्र जन्मास आलें आणि दुबई त्यांत सामील झाली. आज तेथील उत्पन्नांत तेलाचा वांटा अगदींच अल्प आहे. बंदर, व्यापार, विमानें आणि येणारा-जाणारा प्रवासी यांवर शहर चालतें.

संध्याकाळीं एक दिरहम देऊन, अब्रा नांवाच्या उघड्या नावेंतून, पलीकडच्या देऱ्याच्या तीरावर गेलों. सबंध दिवसांत प्रथमच यंत्राच्या गारव्यावांचून बरें वाटलें. तेथें एका लहानशा चहाच्या दुकानांत बसलों असतां शेजारच्या बांकावरून मराठी शब्द कानांवर पडले. एक पन्नाशीचे गृहस्थ फोनवर घरच्यांशीं बोलत होते. बोलणें संपल्यावर मीं ओळख करून घेतली. ते रत्नागिरी जिल्ह्यांतील खेडचे. वीस वर्षांहून अधिक काळ तेथें आहेत. हवा थंड करणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती हा त्यांचा धंदा.

“लोकांना वाटतं, एसीचं काम म्हणजे थंड काम,” ते हसत म्हणाले. “पण साहेब, त्या यंत्राला दोन तोंडं असतात. थंड तोंड खोलीत, गरम तोंड गच्चीवर. आमची जागा गच्चीवर. वरून ऊन आणि समोरून त्याचा फुफाटा.”

“दुपारच्या विश्रांतीचा नियम तुम्हांला नाही का?” मीं विचारलें.

“आहे की. पण ज्याच्या घरातलं यंत्र बंद पडलं, त्याला तीन वाजेपर्यंत धीर कुठला? फोन वाजतच राहतो. कुणाचं तान्हं मूल असतं, कुणाची आई आजारी असते. त्यांचाही जीव आहे. मग डोक्यावर ओला पंचा टाकायचा आणि जायचं.”

पहिलीं दोन वर्षें गांवाकडील दलालाचे पैसे फेडण्यांतच गेलीं, हें त्यांनीं तक्रारीचा सूर न लावतां सांगितलें. त्यानंतर दोन बहिणींचीं लग्नें झालीं, मुलगा शिकला, गांवीं जांभ्या दगडाचें घर उठलें. त्या घरांत दोन खोल्यांना त्यांनीं स्वतःच्या हातानें एसी बसविला आहे.

“सुटीवर गेलात म्हणजे बरें वाटत असेल,” मी म्हणालों.

“मुलं झोपतात तिथं. मी पडवीत पडतो,” ते म्हणाले. “मला त्या आवाजानं झोप येत नाही. वाटतं, आता कुणाचा तरी फोन येणार.”

या गृहस्थांनीं यंत्राच्या दोन तोंडांविषयीं जें सांगितलें, त्यांत माझ्या सकाळच्या प्रश्नाचें उत्तर होतें. आपण म्हणतों, यंत्र थंडी निर्माण करतें. वस्तुतः तें तसें करीत नाहीं. तें खोलींतील उष्णता उचलून बाहेर टाकतें, आणि तें करण्यासाठीं जी वीज खर्चितें तिची उष्णताहि तींत मिळवितें. एक खोली जितकी निवते त्याहून अधिक बाहेरची हवा तापते. शहरांत अशीं लक्षावधि यंत्रें एका वेळीं चालूं लागलीं म्हणजे रस्ता आणखी तापतो. रस्ता तापला म्हणून आंतल्या माणसाला यंत्र आणखी जोरानें चालवावें लागतें. आणि या फेऱ्यांत रस्त्यावरच्या माणसाला मात्र कोणतेंच यंत्र नसतें.

मोत्यांच्या काळीं आणि आज, दोन्ही वेळां या किनाऱ्याची श्रीमंती जून ते सप्टेंबर या महिन्यांत आपला देह उन्हांत घालणाऱ्या माणसावर उभी राहिली आहे. आणि दोन्ही वेळां तो माणूस कामाला आरंभ करण्यापूर्वींच कर्जदार झालेला असतो. हें मी दुबईला दोष देण्याकरितां म्हणत नाहीं. खेडच्या त्या गृहस्थांचें घर दुबईच्याच पैशानें उठलें, आणि आपल्या गांवांत त्यांना तेवढें मिळालें असतें तर ते गेलेच नसते. दुपारची बंदी हा तेथील सरकारनें केलेला खरा कायदा आहे. शहराच्या दक्षिणेस वाळवंटांत २०१३ पासून सूर्याच्या उष्णतेवर आणि प्रकाशावर वीज निर्माण करणारें विस्तीर्ण केंद्र वाढत आहे, म्हणजे ज्यानें ताप दिला त्याच्याकडूनच गारव्याचा खर्च वसूल करण्याचा प्रयत्नहि चालू आहे. माझें म्हणणें एवढेंच कीं, एखाद्या उष्ण शहराचें मोठेपण त्याच्या मनोऱ्यांवरून मोजूं नये. उघड्यावर काम करणाऱ्या माणसाला तेथें सावली किती मिळते, यावरून तें मोजावें.

हा मापदंड आपल्यालाहि लावून पाहण्यासारखा आहे. आपल्या वाड्यांना चौक होते, कोंकणांतील घरांना पडव्या होत्या, विदर्भांत दारांना वाळ्याचे ओले पडदे लावीत. आतां मुंबई-पुण्यांतून कांचेच्या इमारती झपाट्यानें उठत आहेत, आणि प्रत्येक इमारतीच्या मागील बाजूस यंत्रांच्या पेट्यांची रांग लागलेली दिसते. आपला उन्हाळाहि पूर्वींचा राहिलेला नाहीं. २०१० च्या मे महिन्यांत अहमदाबादेस उष्णतेनें फार माणसें दगावलीं. त्यावरून बोध घेऊन २०१३ सालीं त्या शहरानें उष्णतेच्या दिवसांत काय करावें याची रीतसर योजना आंखली. लोकांना आधीं सूचना द्यावयाची, पाण्याची सोय करावयाची, इस्पितळें सज्ज ठेवावयाचीं, अशीं हीं साधीं कामें आहेत. पण त्यांनीं जीव वांचतात. भाजीवाली, हमाल, चौकांतला पोलीस, घरोघर सामान पोंचविणारा मुलगा, हीं सर्व आपल्या गांवचीं उघड्यावरचीं माणसें आहेत. त्यांना सावली देण्यास मोठें धन लागत नाहीं. रस्त्याकडेचें झाड न तोडणें, दुकानापुढें एक पडदा ताणणें, दारीं पाण्याचा माठ ठेवणें, एवढें प्रत्येक घराला साधण्यासारखें आहे.

आणि यंत्र बसविणें भागच असेल, तर बसविण्यापूर्वीं एक गोष्ट अवश्य पाहावी. त्याचें गरम तोंड कोणाकडे होतें? शेजाऱ्याच्या खिडकीकडे, कीं खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या बाजेकडे, कीं जेथें रखवालदार रात्र काढतो त्या बोळाकडे? यंत्र लावणारा कारागीर हें सांगूं शकतो. आपण त्याला विचारीत नाहीं, एवढेंच.

श्रोत्यांपैकीं अनेकांना पुढेंमागें दुबईंत थांबण्याचा योग येईल. मनोरा अवश्य पाहावा, अब्रांतूनहि जावें. उन्हाळा असेल तर भर दुपारीं, आपली प्रकृति सांभाळून, दहा मिनिटें थंड दारांच्या बाहेर उभें राहावें. त्या दहा मिनिटांत त्या शहराविषयीं जें कळतें, तें आंत बसून सोळा तासांतहि कळत नाहीं.